दहापट भिंग आणि बागेतले अनोळखी गवत

घरच्या बागेत आपोआप उगवलेले गवत नेमके कोणते, हे ज्यांना समजून घ्यायचे आहे त्यांनी सराफ हिरे पारखण्यासाठी वापरतात ते दहापट मोठे दाखवणारे, घडी घालून खिशात ठेवता येणारे भिंग विकत घ्यावे, अशी शिफारस मी ते पूर्ण पावसाळाभर वापरल्यानंतर करत आहे. आमची बाग एरंडवण्यातल्या एका जुन्या बंगल्याभोवतीची आहे. थोडी हिरवळ, भाजीचे काही वाफे, न्हाणीच्या पाण्यावर वाढणारा अळू आणि गच्चीवरच्या कुंड्या असे तिचे स्वरूप. पुण्यात जूनमध्ये पावसाने जम बसवला की पंधरवड्याच्या आत या सर्व ठिकाणी अरुंद हिरवी पाती वर येऊ लागतात. काही शेणखतातून आलेली असतात, काही नर्सरीतल्या रोपाच्या पिशवीतून, काही विकत घेतलेल्या पोयट्याच्या मातीतून, तर काही पक्ष्यांसाठी ठेवलेल्या दाण्यांतून. वरवर पाहता सगळी सारखीच. पण त्यांपैकी काही हाताने उपटली की संपतात, काही अर्धवट उपटल्यामुळेच अधिक जोमाने येतात आणि एखादे मुद्दाम राखावे असेही असते.

गवत ओळखणे अवघड का, हे आधी सांगितले पाहिजे, कारण या भिंगाची गरज त्यावरच अवलंबून आहे. तृणकुलात जगभर सुमारे १२,००० जाती आहेत. त्यांचे परागण मुख्यतः वाऱ्यावर होते, त्यामुळे कीटकांना आकर्षित करणाऱ्या रंगीत पाकळ्या त्यांच्या फुलांना नसतात. पातीही बहुतेकांची लांब, अरुंद आणि समांतर शिरांची असतात. जास्वंद, कण्हेर किंवा रुई ओळखताना आपण ज्या खुणा सहज पाहतो, त्या येथे मुळातच नसतात. फोनवरची झाडे ओळखणारी अ‍ॅप्स छायाचित्रात जे दिसते त्यावरच चालतात. छायाचित्रात नुसती हिरवी पाती असतील तर कोणत्याही अ‍ॅपला, आणि खरे तर तज्ज्ञालाही, खात्रीने नाव सांगण्यापुरता आधार मिळत नाही. आधार देणाऱ्या खुणा गवतात भरपूर आहेत, मात्र त्या एक-दोन मिलिमीटरच्या आहेत आणि पाते खोडाला जिथे भेटते त्या सांध्यात किंवा तुऱ्याच्या आत दडलेल्या आहेत. साध्या डोळ्यांनी त्या जेमतेम जाणवतात. दहापट भिंगाखाली त्या स्पष्ट होतात, आणि माझ्या मते या वस्तूचे सारे मोल एवढ्यातच आहे.

वस्तू म्हणून भिंग अगदी साधे आहे. फिरवून उघडणारे धातूचे आवरण, त्यात १८ मिलिमीटर व्यासाची काच आणि दोरी ओवण्यासाठी एक कडी. आत एकमेकांना चिकटवलेली तीन भिंगे असतात. एकाच काचेच्या भिंगात वस्तूच्या कडांना जी निळी-तांबडी झालर दिसते आणि बाजूच्या सरळ रेषा ज्या प्रकारे वाकतात, ते दोष या रचनेमुळे जवळजवळ नाहीसे होतात. मला ते हजार रुपयांच्या आत मिळाले. एकेरी काचेची भिंगे यापेक्षा बरीच स्वस्त मिळतात आणि अगदी सुरुवातीला तीही चालतील. परंतु कणिशकावरचे, म्हणजे गवताच्या तुऱ्यातल्या फुलांच्या लहानशा गुच्छावरचे, केस पाहताना रंगीत झालर फार अडथळा आणते, म्हणून मी तिहेरी भिंगाचाच आग्रह धरेन.

खरेदी शक्यतो दुकानात जाऊन करावी. लक्ष्मी रस्त्यावर सोन्या मारुती चौकाच्या परिसरात सराफी कामाची हत्यारे विकणारी लहान दुकाने आहेत. तेथे भिंग हातात घेऊन पारखता येते. स्वस्त भिंगांवर ‘३० पट’, ‘४० पट’ असे आकडे सर्रास कोरलेले असतात, पण त्यांची पडताळणी कोणालाही करता येते. भिंग किती पट मोठे दाखवते, हे २५० या आकड्याला त्याच्या मिलिमीटरमधील नाभीय अंतराने, म्हणजे दूरचा प्रकाश भिंगातून येऊन जिथे एका बिंदूत जमतो तिथपर्यंतच्या अंतराने, भागले की कळते. त्यामुळे खऱ्या दहापट भिंगातून वस्तू काचेपासून साधारण अडीच सेंटिमीटरवर स्पष्ट दिसते आणि तीसपट भिंगात ते अंतर आठ मिलिमीटरच्या आसपास उरते. तीसपट म्हणून विकले जाणारे भिंग जर अडीच सेंटिमीटरवरच स्पष्ट दाखवत असेल, तर ते दहापटच आहे. सोबत आलेखाच्या कागदाचा एक तुकडाही न्यावा. मिलिमीटरच्या चौकटी मध्यभागी आणि कडेला सारख्याच सरळ दिसत असतील तर भिंग चांगले समजावे.

खरोखर वीसपट किंवा तीसपट असलेले भिंगही बागेसाठी घेऊ नये. मोठेपणा वाढतो तसे दिसणारे क्षेत्र आणि खोली दोन्ही घटतात, हाताची किंचित थरथरही चित्र पुसून टाकते, आणि काच वस्तूच्या इतकी जवळ न्यावी लागते की तिचीच सावली वस्तूवर पडते. दहापट भिंगात सुमारे एक सेंटिमीटरचा भाग एका नजरेत मावतो, आणि गवताचा सांधा किंवा कणिशाचा तुकडा पाहण्यासाठी तेवढा पुरतो.

धरण्याची पद्धत मात्र शिकावी लागते. भिंग गवताजवळ आणि डोळा दूर, अशा रीतीने पाहिल्यास फारसे काही हाती लागत नाही. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवावे, त्या हाताचा अंगठा गालावर स्थिर ठेवावा आणि दुसऱ्या हाताने गवताची काडी स्पष्ट दिसेपर्यंत हळूहळू जवळ आणावी. तोंड उजेडाकडे असावे. चष्मा असल्यास तो काढण्याची गरज नाही, फक्त भिंग चष्म्याच्या काचेला घासू नये. वाकून, उकिडवे बसून पाहण्यापेक्षा काडी तोडून उजेडात नेणे केव्हाही बरे.

आता या भिंगाने प्रत्यक्षात काय दाखवले ते सांगते. पहिला प्रश्न नेहमी हाच असतो की समोरची वनस्पती खरे गवत आहे की मोथ्याच्या, म्हणजे लव्हाळ्याच्या, कुळातली. यासाठी भिंगही लागत नाही. आमच्याकडे काम करणारे माळीकाका दांडा बोटांत फिरवून क्षणात सांगतात: तीन धारा लागल्या तर लव्हाळा किंवा त्याचा भाऊबंद, गोल लागला आणि मध्ये पेरे जाणवली तर गवत. शास्त्रीय वर्णनही तेच आहे. मोथ्याच्या कुळात दांडा बहुधा तीनधारी, भरीव आणि पेरे न दिसणारा असतो व पाने तीन ओळींत येतात. गवतात पाने दोन ओळींत येतात आणि खोड पेऱ्यापेऱ्यांचे, बहुधा आतून पोकळ असते. भिंगाने यात एक पक्की खूण जोडली जाते. पानाचा जो भाग खोडाला वेढून असतो तो मोथ्याच्या कुळात अखंड नळीसारखा असतो. बहुतेक गवतांत तो एका बाजूने उभा चिरलेला असून त्याच्या कडा एकमेकींवर आलेल्या दिसतात. रोप लहान असेल आणि दांडा अजून आलाच नसेल, तेव्हा ही खूण फार उपयोगी पडते. केना या दोन्हींत बसत नाही. त्याची पाने रुंद असतात, खोडाला वेढणाऱ्या भागाच्या तोंडाशी तांबूस केस असतात आणि पुढे निळी फुले येतात. आमच्या वाफ्यात तो आला की मी थोडा राखते, कारण त्याची भाजी घरात सर्वांना आवडते.

सर्वांत जास्त वेळ मी ज्या जागी घालवला ती म्हणजे पात्याचा आणि खोडाचा सांधा. पाते हळूच मागे वाकवले की त्याच्या आतल्या बाजूला एक लहानसा अवयव दिसतो, त्याला जिव्हिका म्हणतात. काही गवतांत ती पातळ, पारदर्शक पडद्याची असते, काहींत नुसती केसांची रांग असते आणि काहींत मुळीच नसते. हरळीत, म्हणजे आपल्या दूर्वांत, ती आखूड पांढऱ्या केसांची झालर असते आणि दोन्ही टोकांना थोडे लांब केस असतात. डिजिटारिया प्रजातीतील गवते हिरवळीत हरळीबरोबर बेमालूम मिसळतात, पण त्यांची जिव्हिका स्पष्ट पडद्याची असते. एकिनोक्लोआ कोलोना हे पाणी साचणाऱ्या जागी आणि भातखाचरांत येणारे गवत. त्यात जिव्हिका नसतेच, सांध्याची जागा अगदी गुळगुळीत असते आणि पुष्कळदा पात्यांवर जांभळे आडवे पट्टे असतात. अळूच्या आळ्यात आलेले रुंदसर पात्यांचे गवत या एका खुणेवर, तुरा येण्याच्या कितीतरी आधी ओळखता आले, आणि त्या दिवशी भिंगाचे पैसे वसूल झाले असे मला मनापासून वाटले.

गणपतीच्या दिवसांत हे ज्ञान आणखी उपयोगी ठरते. २१ दूर्वांची जुडी घरच्या बागेतून खुडायची असेल तर हिरवळीतली प्रत्येक कोवळी काडी दूर्वाच आहे असे धरून चालत नाही. हरळीच्या जमिनीवर सरपटणाऱ्या खोडावर पेरी इतकी जवळजवळ येतात की पाने समोरासमोर जोडीने आल्यासारखी दिसतात, आणि सांध्यात केसांची झालर असते. या दोन खुणा एकत्र मिळाल्या की शंका उरत नाही.

तुरे आल्यावर काम आणखी सोपे होते, आणि पाहण्यासारखेही बरेच असते. पुण्यातल्या बागांत आणि रस्त्याच्या कडेला चार-पाच गवते अशी आहेत की त्यांचे तुरे दांड्याच्या टोकाशी हाताच्या बोटांसारखे पसरतात, आणि सगळ्यांना सरसकट हरळी म्हटले जाते. हरळीची बोटे बारीक असतात आणि तिच्या प्रत्येक कणिशकात बहुधा एकच फूल असते. रान नाचणी, अर्थात एल्युसाइन इंडिका, ही आपण खातो त्या नाचणीची जवळची नातलग. तिची बोटे जाड असतात, एखादे बोट बहुधा इतरांच्या थोडे खाली फुटते, कणिशकात तीन किंवा अधिक फुले एकावर एक रचलेली असतात आणि बुंधा पांढुरका व चपटा असतो. तिचे पिकलेले बी चिमटीत चोळून भिंगाखाली धरले तर काळपट दाण्यावर तिरक्या, बारीक सुरकुत्या दिसतात. इतक्या क्षुल्लक समजल्या जाणाऱ्या तणाच्या दाण्यावर एवढी नेटकी नक्षी असते, हे पाहिल्यानंतर खुरपे चालवताना हात जरा थबकतो. डॅक्टिलोक्टेनियम इजिप्शियम या गवताची बोटे आखूड असतात आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला कणिशके संपून मधल्या दांडीचे उघडे टोक बाहेर आलेले असते. एकदा ते पाहिले की त्याची ओळख पुन्हा चुकत नाही. डिजिटारियात कणिशके बहुधा जोडीने येतात, एक आखूड देठाचे आणि एक लांब देठाचे. क्लोरिस बार्बाटाची जांभळट, मऊ बोटे तर चालता चालता ओळखू येतात. त्यासाठी भिंग काढण्याचे कारण नाही.

पक्ष्यांच्या दाण्यांतून आलेल्या रोपांमुळे एक वेगळा प्रश्न उभा राहिला. राळा म्हणजे सेटारिया इटालिका, आणि त्याच प्रजातीतली काही तणे त्याच्यासारखीच केसाळ कणसे धरतात. सेटारिया व्हर्टिसिलाटाचे कणीस कपड्यांना चिकटते, सेटारिया प्युमिलाचे चिकटत नाही. भिंगातून याचे कारण उघड होते. कणिशकाखालच्या राठ केसांवर सूक्ष्म दाते असतात. पहिल्यात ते खालच्या दिशेने वळलेले असतात, दुसऱ्यात वरच्या दिशेने. केस बोटांत धरून वर-खाली ओढल्यावर जे जाणवते, तेच येथे डोळ्यांना दिसते.

ही ओळख केवळ कुतूहलापुरती नाही. कोणते तण कसे काढायचे, हे तीच ठरवते. लव्हाळा जगातील सर्वांत त्रासदायक तणांपैकी एक मानला जातो. जमिनीखाली त्याच्या कंदांची साखळी असते आणि वरचा कोंब ओढला की साखळी तुटून खालचे सुप्त कंद फुटू लागतात. “ताई, हा ओढू नका, खाली गाठी राहतात,” असे माळीकाका नेहमी सांगतात, आणि ते अक्षरशः खरे आहे. माती वीतभर उकरून कंद वेचावे लागतात व कडक उन्हात वाळवून मारावे लागतात. मात्र सायपेरस इरिया हा त्याचा भाऊबंद वर्षायू, म्हणजे वर्षभरात आयुष्य संपणारा, आहे. त्याला कंद नसतात, तांबूस तंतुमुळे असतात आणि तुरा पिवळसर असतो, तर लव्हाळ्याचा तपकिरी-तांबूस. तो बी धरण्याआधी उपटला की काम झाले. हिरवळीत येणारी किलिंगा ही तिसरीच; तिचा तुरा लहान, गोलसर, हिरवा असतो, त्याखाली बहुधा तीन पानांसारखी छदे असतात आणि ती जमिनीतल्या आडव्या खोडाने पसरते, म्हणून तिचा पट्टा मातीसकट उचलावा लागतो. तिघांना लव्हाळा समजून एकच उपाय केला, तर दोन ठिकाणी श्रम वाया जातात.

भिंगाच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. माझ्या भिंगाच्या बिजागरीचा स्क्रू वापराने सैल होतो आणि काच आवरणातून आपोआप बाहेर झुलू लागते. चष्म्याच्या दुकानातल्या बारीक पेचकसाने तो आवळता येतो, पण या किमतीत तो अधिक घट्ट असायला हवा होता. पुण्याच्या पावसाळी दमटपणात काचांवर बुरशी धरू नये म्हणून ते सिलिका जेलच्या पुडीबरोबर बंद डबीत ठेवावे लागते. ढगाळ दिवशी उजेड कमी पडतो. आत दिवा असलेली भिंगे मिळतात, परंतु मी पाहिलेल्यांत प्रकाश समोरून सपाट पडत असल्याने पांढरे केस पांढऱ्या चकाकीत हरवत होते, म्हणून मी खिडकीतला तिरपा उजेडच पसंत करते. फोनला लावायची चिमट्याची काच हा चांगला पर्याय वाटू शकतो. तिने चित्र साठवता येते, पण पाते वाकवत, फिरवत, केस मोजत पाहण्याची सोय तिच्यात नाही. हेच दहापट भिंग फोनच्या कॅमेऱ्यासमोर टेकवून धरले तरी उपयोगी छायाचित्रे मिळतात. जिव्हिकेचे एक, कणिशकाचे एक आणि पूर्ण रोपाचे एक, अशी तीन छायाचित्रे आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाकली, तर तेथील जाणकारांना काहीतरी ठोस पाहायला मिळते.

काही गवते भिंगापुढेही दाद देत नाहीत. डिजिटारियाच्या जाती वेगळ्या करण्यासाठी कणिशकाच्या तुषांची, म्हणजे त्याच्या बुडाशी असलेल्या सालपटांची, लांबी एकमेकींशी पडताळावी लागते, आणि ते काम प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखालीच नीट होते. पुणेकरांचे भाग्य असे की यासाठी शहराबाहेर जावे लागत नाही. १९४६ साली स्थापन झालेली, आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था आणि १९५५ पासून पुण्यात असलेले भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र, या दोन्ही ठिकाणी वाळवलेल्या वनस्पतींचे मोठे संग्रह आहेत. अनोळखी तणाची नोंद घेणे किती महत्त्वाचे असते, हे या शहराला वेगळे सांगण्याची गरज नाही. गाजर गवत भारतात पोहोचल्याची नोंद आर. एस. राव यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली ती पुण्यात आढळलेल्या रोपांवरूनच, आणि पुढे ते देशभर पसरले.

संस्थेकडे नमुना न्यायचा असेल तर पद्धत आणि शुल्क आधी विचारून घ्यावे. नमुना मुळासकट आणि तुऱ्यासकट असावा. नुसती पाती नेऊन कोणाचाही वेळ घेऊ नये. सप्टेंबरमध्ये बहुतेक गवते तुऱ्यावर असतात, तेव्हा रोप उपटून, मुळांची माती धुऊन, वर्तमानपत्रात सपाट दाबावे आणि वाळेपर्यंत कागद रोज बदलावा. पिकलेली कणिशके गळतात, म्हणून ती कागदाच्या लहान पुडीत वेगळी बांधून त्याच घडीत ठेवावीत. वाळताना फुलांचा रंग व कंदाचा वास जातो, त्यामुळे ते दोन्ही, तसेच जागा आणि तारीख, पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावे.